सुपातला समुद्र

नीलांबरीला प्लेनोत येऊन पंचवीसेक वर्षं झाली, पण जीभ नागपूरचीच राहिली. नवऱ्याच्या नोकरीमागं आली, टेक्ससच्या उन्हात कुरड्या वाळवल्या, एक लेक वाढवली. त्या लेकीनं, आसावरीनं, इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून डब्लिन गाठलं. तिथं ती सिनेमा-मालिकांसाठी आवाज करायची. पावलांचे, पावसाचे, दारांचे. "दारं करकरवाले आयर्लंडात काहून जा लागते?" हे नीलांबरी फोनवर कितीदा विचारून चुकली होती.

मागच्या वेळी आली तेव्हा पोरीनं जाताना आईचं पाखडायचं सूपच उचलून नेलं. आणि आता तिच्या कामाला आयर्लंडच्या राष्ट्रीय चित्रपट-टीव्ही पुरस्कारांत नामांकन मिळालं होतं.

"आई, माझी क्लिप लागेल तेव्हा आवाज मोठा कर. त्यातला समुद्र तुझ्या सुपाचा आहे, त्यात वाटाणे घोळवून केलाय. तेवढं ऐक, बस."

नीलांबरीला ते एकटीनंच ऐकायचं होतं. पण नवऱ्याच्या, पुरुषोत्तमच्या पोटात काही राहील तर शपथ. दुपारी सोहळा सुरू व्हायच्या आत अख्खं मराठी मंडळ पावभाजीचे ट्रे घेऊन दारात हजर. केकवर 'ऑस्कर' लिहिलेलं.

"ऑस्कर नव्हे हो हा," ती म्हणाली.

"सेम थिंग, काकू," शेजारची रुचा म्हणाली. "आयर्लंड लंडनच्या बाजूलाच ना?"

नीलांबरी स्वयंपाकघराकडं वळली. कोणाला चहा बिनसाखरेचा, कोणाला चार्जर, कोणाच्या पोराला बाथरूम. ती टीव्हीसमोर टेकायची आणि बेल वाजायची. शेवटी टेकली, तर मंडळाचे अध्यक्ष प्रसाद शाल-नारळ घेऊन उभे.

"वीरमातेचा सत्कार झालाच पाहिजे."

"प्रसादभाऊ, नंतर करा ना. तिचा नंबर येऊन राहिला."

"दोनच मिनिटं, वहिनी." त्यांनी तिला शाल पांघरवली, नारळ हातात दिला, आणि भाषण नीट ऐकू यावं म्हणून टीव्ही म्यूट करून रिमोट खिशात टाकला.

दोन मिनिटांत ते मंडळाच्या स्थापनेपर्यंतच पोचले होते. तेवढ्यात पडद्यावर लाटा दिसल्या. गोट्यांच्या किनाऱ्यावर चढत होत्या, उतरत होत्या, मुक्यानं. खाली आसावरीचं नाव. नीलांबरी उठली, नारळ प्रसादांच्या हातात कोंबला, त्यांच्याच खिशातून रिमोट काढला. आवाज आला तेव्हा कोणीतरी दुसराच माणूस स्टेजवर आभार मानत होता.

"अरेरे, हुकलं यार," मागून कोणीतरी म्हणालं आणि पावभाजीच्या ट्रेवरचं झाकण निघालं.

फोन वाजला. "आई, नाही मिळालं गं. पण ऐकलंस ना?"

"नाही वो माय. म्यूट होतं. सत्कार चालू होता."

"कोणाचा?"

"माझा."

पलीकडं आसावरी एवढी हसली की नीलांबरीला फोन कानापासून लांब धरावा लागला. पण हसण्याच्या शेवटाला पोरीनं नाक ओढलं, तेही तिला ऐकू आलं.

"फोन ठेवू नको," नीलांबरी म्हणाली. मग खोलीकडं वळली. "बसा सगळे. पाव खाली ठेवा. रुचा, ती पिशवी वाजवू नको."

तिनं कार्यक्रम मागं नेला, आवाज पार वर केला आणि फोन टीव्हीजवळ धरला. पडद्यावर पहिली लाट दिसायच्या बेतात होती. प्रसाद नारळ ठेवायला टेबलाकडं वाकले.

"प्रसादभाऊ, हातातच राहू द्या," नीलांबरी म्हणाली. "आवाज होते."