काचेपलीकडची मूठ

तलवार कशी धरायची हे मला कुणी शिकवायला येऊ नये. अमरावतीच्या आखाड्यात तीस वर्षं मी मुलींना लाठी, तलवार, दांडपट्टा शिकवतेय. त्यामुळे अकोल्याला युरोपातल्या जुन्या तलवारींचं प्रदर्शन लागलंय असं कळलं, तेव्हा मी ते पाहायला नाही, तपासायला निघाले.

सोबत माझी सगळ्यात तयारीची शिष्या होती. बडनेऱ्याची पोरगी, वडील रेल्वेत, सहा वर्षं माझ्या हाताखाली. आठवड्यापूर्वी तिनं खाली मान घालून सांगितलं होतं, "ताई, फेन्सिंगच्या केंद्रासाठी माही निवड झाली. पुढच्या सोमवारी जा लागते." फेन्सिंग म्हणजे युरोपातली तलवारबाजी. आमच्याकडे रीत अशी, की दुसऱ्या उस्तादाकडे जायचं तर पहिल्यानं स्वतःच्या तोंडानं 'जा' म्हणायचं. तसं न म्हणता गेलेल्याला पुन्हा मैदानावर उभं करत नाहीत. मी 'जा' म्हटलं नव्हतं आणि म्हणायचं माझ्या मनातही नव्हतं. माझ्यामागे आखाडा हीच चालवणार, असं मी केव्हाच ठरवून बसले होते. राग आला होता, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं होतं. "आधी त्याइच्या तलवारी पाहू, मंग बोलू," एवढंच मी म्हटलं.

बडनेऱ्याहून गाडीनं अकोला गाठलं. संग्रहालयाच्या दालनात काचेच्या पेट्या मांडल्या होत्या, आणि प्रत्येक पेटीपाशी मी थांबून शेरा मारत होते. दोन्ही हातांनी धरायची, माणसाच्या छातीला लागेल एवढी एक तलवार होती. शेजारचे एक गृहस्थ बायकोला सांगत होते, की ही दहा किलोची असणार. मी त्यांना थांबवलं. पातं किती पातळ आहे ते दाखवलं आणि म्हटलं, लढणारा माणूस आहे तो, हमाल नाही. गृहस्थ पुढच्या पेटीकडे गेले. पोरगी ओठ दाबून हसत होती.

मग ती पेटी आली. लांब, अरुंद पात्याची तलवार. मुठीभोवती लोखंडी कड्यांची जाळी, बोटं वाचवायला. पाटीवर फक्त देश आणि शतक लिहिलेलं. ही भोसकायची तलवार, म्हणजे पोरगी जे शिकायला निघाली होती त्याची आजीच. मी त्या तलवारीत खोट शोधायला टपलेलीच होते आणि मला ती लगेच सापडली. काचेसमोर उजवा हात धरून मी मूठ आवळल्यासारखी केली. जाळीचा भरगच्च भाग भलत्याच बाजूला येत होता आणि बोटांचे सांधे उघडे पडत होते.

"पाह्य, हे असं हाये याइचं काम," मी म्हटलं, चांगलं मोठ्यानं. "पहिल्याच वाराले बोटं गेली. मूठ बनवणाऱ्याले धरताच येत नव्हतं." दालनातला पहारेकरीही वळून पाहायला लागला, म्हणून मी त्यालाही समजावून सांगितलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

पोरीनं माझ्या शेजारी येऊन डावा हात काचेसमोर धरला. जाळीचं प्रत्येक कडं जिथं असायला हवं तिथं होतं. चारशे वर्षांपूर्वी कुठल्यातरी लोहारानं एका डावऱ्या माणसाच्या हाताकडे नीट पाहिलं होतं आणि त्याच्यासाठी अख्खी मूठ उलटी घडवली होती.

मी काय केलं होतं? शस्त्र उजव्या हातानंच घ्यायचं, डाव्या हातानं घेतलं तर शस्त्राचा अपमान, हे मला माझ्या उस्तादांनी शिकवलं आणि मी ते पुढे चालवलं. ही पोरगी पहिल्या वर्षी सारखी डावा हात पुढे करायची, म्हणून महिनाभर तो हात मी तिच्याच ओढणीनं कमरेशी बांधून ठेवला होता. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट चार लोकांत मी ते कौतुकानं सांगत असे.

"डाव्यानं उभी राह्य बरं," मी म्हटलं.

दोन पेट्यांच्या मधे ती उभी राहिली. हातात काही नव्हतं. पाऊल टाकलं, खांदा मोकळा सुटला, हात सरळ गेला. सहा वर्षांत माझ्या मैदानावर तिचा एकही वार इतका साफ गेला नव्हता.

"कवापासून करून राहिली हे?"

"पयल्या वर्षापासून, ताई. घरी. दार लावून."

पहारेकरी पाहत होता, पाहू दे. "चुकलं माह्यं, पोरी," मी म्हटलं. "जा तू. पण रविवारी मैदानावर ये. अजून दोघी हायेत डावऱ्या. त्याइले कसं शिकवाचं, ते मले शिकव."

तिनं आधी डोळे पुसले. मग म्हणाली, "सकाळी सहाले या, ताई. उशीर केला तर चालणार नाही."

रविवारी मी पावणेसहालाच मैदानावर जाऊन उभी राहिले.