बाटलीवरचा काळा कागद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, आणि नसरीनला तर — तिचंच आहे हे सगळं.

आता मला बघाल तर म्हणाल, म्हातारी लई मजेशीर. पण बाविशीतली मी? दोन वेण्या, कडक इस्त्रीचा पांढरा कोट आणि डोक्यात हवा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नसरीन आणि मी एकाच टेबलावर. मातीतले जंतू वाढवायचे, त्यांनी गाजरासारखा रंग तयार केला की तो काढून घ्यायचा — जिलेबीत घालायला, डब्यातल्या रासायनिक रंगाऐवजी. तिच्या जंतूंनी झकास केशरी रंग धरला. माझ्या जंतूंनी? भांडी विसळलेलं पाणी. सर मग तिलाच हाका मारायचे.

ती बहिणीच्या लग्नाला पिशोरला निघाली. उजेडात हा रंग उडतो, म्हणून बाटली काळ्या कागदात गुंडाळून माझ्या हवाली केली. म्हणाली, "तू है ना, मेरेकू क्या फिकर."

आणि मी — मी कागद काढला. बाटली खिडकीत ठेवली. आपल्या इथलं ऊन तुम्हाला माहीतच आहे. रंगाची पार पेज झाली. मग कागद पुन्हा गुंडाळला, घडीवर घडी. इतकं नीटनेटकं काम मी आयुष्यात दुसरं केलं नसेल.

सरांनी सगळ्यांसमोर बाटली उघडली. मला विचारलं, "अंधारातच होती ना?"

"हो सर."

अंधारातही टिकत नाही तो रंग काय कामाचा? सरांनी विषय बंद केला. "पुन्हा करून बघू द्या," ती म्हणत राहिली. नंतर तिनं संशोधनच सोडलं, फुलंब्रीच्या शाळेत शिकवत राहिली. त्या दिवशी माझ्याच खांद्यावर रडली. पाठ कोण थोपटत होतं? मीच.

मला वाटायचं, विसरेल. पण अजून ईदला शीरखुर्मा घेऊन येते आणि म्हणते, जंतूंनी दगा दिला गं. मी हसते. कशी हसत असेन?

परवा नात तिच्या कंपनीतून तसलाच रंग दाखवायला घेऊन आली. तशीच बाटली, तसाच काळा कागद. माझ्या हातात दिली. नसरीन शेजारीच बसलेली.

"इनपे भरोसा नक्को कर, बेटा. मेरेकू दगा दिये ये."

नात म्हणाली, "तुमची बाटली उजेडात राहिली असेल, खाला."

"उजाले में कैसी रहती? तेरी नानी के पास थी."

मी बाटलीवरचा कागद नीट करत राहिले.