बेस गिटारला तुपाचं बोट

चहा आधी पिऊन घ्या बाई, मग सांगते. हसताना सांडलात तर आमच्याकडं फरशी पुसायला पाणी नाही. टँकर आता थेट सोमवारी!

तर आमचे हे गावच्या दूध संस्थेत सचिव, पण मनानं बेस गिटारवाले. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. ती वाजत असते तेव्हा कुणाचं लक्ष नसतं, बंद पडली की सगळ्यांना कळतं. घरातल्या बाईसारखं, म्हणा ना!

बीडचे एक ऑर्केस्ट्रावाले मास्तर कायमचा बेसवाला शोधत होते. संस्थेच्या कार्यक्रमात ते यांना वाजवायला लावून पारखणार होते. कार्यक्रम कसला? दूध शीतकरण केंद्राचं उद्घाटन! निम्मी जनावरं चारा छावणीत, उरलेल्यांचं दूध आटलेलं. पण दूध गार करायचं यंत्र मात्र हार घालून तयार. आमचे चेअरमन आण्णा म्हणायचे, "आधी गारवा तयार ठेवा, दूध मागून येतंच!"

यांचा जीव मात्र तारांत अडकलेला. दोन पाकिटं मागवलेली, आणि कोणत्या चढवायच्या ते आठ दिवस ठरेना.

"हे बघ, ही राउंडवाऊंड. हिच्यावर गोल तार गुंडाळल्याली, म्हणून बोटाला खरखरीत. आवाज खणखणीत. आन् ही फ्लॅटवाऊंड. चपट्या पट्टीची, गुळगुळीत. आवाज मऊ, मृदंगावानी."

"मग मऊच लावा की!"

"आन् मास्तरला खणखणीत आवडत असला तर?"

"मास्तरलाच इचारा."

"इचारलं तर म्हणंल, ह्याला एवढं बी कळत न्हाई!"

जेवणावरचं लक्ष उडालं हो त्यांचं! वीस वर्षं लोकांच्या वरातीत वाजवलं, आता कुठं कायमची जागा मिळायची होती. मला बघवेना. मी म्हटलं, "देवीला कौल लावते."

गल्लीत माझ्या कौलाला मान आहे बरं का! मार्गशीर्षातले गुरुवार, सोळा सोमवार, काही सोडलेलं नाही. आषाढात पेरणीचा कौलसुद्धा माझ्याच हातचा.

देव्हाऱ्यातल्या देवीच्या दोन्ही खांद्यांवर शेवंतीची एकेक कळी ओली करून चिकटवली. उजवी पडली तर राउंड, डावी पडली तर फ्लॅट. हात जोडून समोर बसले. घटकाभरानं उजवीकडची कळी टपकन पडली!

"राउंड!" मी ओरडले.

कोपऱ्यात जपमाळ ओढणाऱ्या सासूबाईंनी एक डोळा उघडला. "कौल नीट बघितलास ना गं?"

"होय आत्याबाई. सोताच्या डोळ्यांनी."

यांनी त्याच दिवशी राउंडच्या तारा चढवल्या. इथवर सगळं ठीक होतं. पण माझी भक्ती इथवर थांबते होय?

कार्यक्रमाच्या सकाळी हे संस्थेत गेलेले. आमच्याकडं नवी वस्तू हळदी-कुंकवाशिवाय वापरत नाहीत. ट्रॅक्टर असो नाही तर पाण्याची मोटर. गिटारनं काय पाप केलं? पूजेला बसले, तारेवरून बोट फिरवलं, तर चर्रर्र! कोरडं बिजागर करकरावं तसं! म्हटलं, दुष्काळात तारसुद्धा सुकली बिचारी. शिलाई मशीन करकरलं की आपण काय करतो? तेल घालतो. मग देवाच्या कामाला तेल कशाला, तूप घेऊ! साजूक तुपात हळद-कुंकू कालवलं आणि चारही तारांना वरपासून खालपर्यंत, खाचाखाचांतून, निगुतीनं चोळलं. खरखर गेली, करकर गेली. गवसणी घालून गिटार मी स्वतः मंडपात नेऊन ठेवली.

आण्णा दोन तास उशिरा आले, तोवर सचिव म्हणून सगळे पाहुणे यांनाच सांभाळावे लागले, त्यामुळं तारा बघायलाही यांना सवड मिळाली नाही. थेट गाणंच सुरू. यांनी बोट मारलं आणि... धप्प. परत मारलं. धप्प. गादी झटकल्यासारखं! यांचा चेहरा पांढराफटक. बोटं मात्र लाल. घाम पुसला तर कपाळ लाल, सदरा लाल.

"थांबवा! थांबवा!" आण्णा खुर्चीवरून उठले, माईक हिसकला. "बघा लोकहो! बोटं फुटली, पर माणूस वाजवायचा थांबला न्हाई! संस्थेसाठी रक्त आटवणारी माणसं आमच्याकडं हायत!"

टाळ्यांचा कडकडाट! दोन बायका रडल्या. दवाखान्यातला कंपाउंडर कापूस घेऊन धावला, यांचं बोट धरलं, हुंगलं. "आण्णा, ह्याला तुपाचा वास येतोय."

आण्णा काय हार जातात! "दूध संस्थेच्या माणसाचं रक्त हाय बे! तुपाचाच वास येणार!"

मी खांबामागं. पदर तोंडावर. देवी, मला पोटात घे!

कार्यक्रम संपल्यावर मास्तर यांच्याकडं आले. मी मनात म्हटलं, गेली जागा. तर ते म्हणाले, "तारा फ्लॅटवाऊंड हायत ना? भक्तिगीताला असाच बसका, गुबगुबीत आवाज पायजे मला. बाकीचे नुसते खणखणतेत. गुरवारपासून या."

मला रागवावं का माझ्या पाया पडावं, यांना कळेना. घरी येऊन आधी तुपाच्या तारा काढल्या, फ्लॅटच्या चढवल्या.

माझी छाती मात्र फुगलेली. "बघा! कौल खरा ठरला का न्हाई?"

"कौल राउंडचा होता ना?" यांनी विचारलं.

आता आली का पंचाईत! देवी खोटी कशी असेल? सासूबाईंनी माळ खाली ठेवली. "कळी कोणत्या खांद्याची पडली व्हती?"

"उजव्या."

"कुणाच्या उजव्या? देवीच्या का तुझ्या?"

मी देव्हाऱ्याकडं पाहिलं. देवी माझ्याकडं तोंड करून बसलेली. माझा उजवा हात तिच्या डाव्या हातासमोर. इतकी वर्षं रोज समोर बसते, आणि हे मला आज दिसलं! तिनं बिचारीनं पहिल्याच दिवशी फ्लॅट सांगितलं होतं.

आणि तेवढ्यात आठवलं. आषाढातला तो कौल! उजवी पडली तर पेरा, डावी पडली तर थांबा. अख्ख्या गल्लीला दारोदार जाऊन मीच सांगितलं होतं, "बिनघोर पेरा, देवीनं उजवा दिलाय!"

हळू हसा हो! शेजारच्यांचं बियाणं अजून मातीतच आहे.