मामाजींचं बॉनेट

पृथ्वीवर आधी किडे आले आणि मग माणूस आला, पण त्या दोघांत खरं वैर सुरू झालं ते आमच्या मामाजींनी मोटार घेतली त्या दिवशी, असं माझं ठाम मत आहे. मामाजी म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, चांद्याचे बांबूचे ठेकेदार. एका निवृत्त साहेबाची काळी मोटार त्यांनी घेतली, तेव्हा मी कचेरीत नवा कारकून म्हणून त्यांच्याकडेच राहत होतो. त्यामुळे हे सगळं युद्ध मला फुकटात आणि पहिल्या रांगेतून पाहायला मिळालं.

मामाजींच्या वर्षाला ऋतू नव्हते, किडे होते. पावसाळ्यात पंख फुटलेली वाळवी, धान निसवलं की तुडतुडे, फाल्गुनात मोहाभोवतीच्या माश्या. किड्याचं पोट फुटलं की आतलं तेजाब रंग खातं, असं त्यांचं शास्त्र होतं. म्हणून मोटारीच्या तोंडावर मच्छरदाणी बांधून ते पायी चालणाऱ्याच्या वेगाने निघत. मूल गावच्या रस्त्यावर एकदा मागून आलेल्या बैलगाडीवाल्याने विचारलं, "बिगडली का भाऊ?" मामाजी म्हणाले, "नाई, किडे वाचवून राह्यलो." त्या भल्या माणसाने बैल थांबवून त्यांना हात जोडले, आणि मूलकडच्या गावांत मामाजी जीवदया पाळणारे महात्मा म्हणून प्रसिद्ध झाले. इतकं करूनही एखादा किडा आपटलाच तर त्यावर मलमलीचं ओलं फडकं ठेवायचं, भिजू द्यायचं, घासायचं मुळीच नाही. आत्याला ताप आला तेव्हा तिच्या कपाळावरची पट्टी दोनदा बदलली गेली आणि बॉनेटवरची पाचदा. आत्याने हे पडल्या पडल्या मोजलं होतं.

या सगळ्यात अडले होते ते माझे आजोबा. ते धानोऱ्याला लाखेचा व्यापार करत, आणि मोतीबिंदूने त्यांची नजर दिवसेंदिवस जात होती. जावयाच्या मोटारीत बसून गाव पाहायचं एवढीच त्यांची इच्छा. पण धानोऱ्याचा रस्ता जंगलातून जाणार, आणि जंगलात काय असतं हे मामाजींना कोणी सांगायला नको होतं. दीड वर्ष गेलं. शेवटी आत्या जेवण वाढताना शांतपणे म्हणाली, "बाबाले आता अर्धंच दिसून राह्यलं. दिसते तवर गाव तं दाखवा त्याइले." मामाजींनी घास खाली ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी तयारीला लागले.

तयारी म्हणजे मोहोळाचं मेण. मेणाचा थर दिला की किडा चिकटतच नाही, असं त्यांना कोणीसं सांगितलं होतं. मेण देणाऱ्या गोंड म्हाताऱ्याने ते दोनदा उकळून गाळायला बजावलं होतं. मामाजींनी घाईत एकदाच उकळलं आणि मेणाबरोबर उरलेला मधही मोटारीला चोपडला. मोटार आरशासारखी चमकली. गडचिरोलीला पोचेस्तोवर बॉनेटवर दहा-वीस मधमाश्या होत्या, आणि धानोऱ्याला आम्ही शिरलो ते अख्खं पोळं घेऊन. सकाळपासून बाजेवर वाट पाहणाऱ्या आजोबांनी विचारलं, "कोनता बाजा लावला जवाईबापूनं?"

गावाने गोवऱ्यांचा धूर करून माश्या हाकलल्या. इथवर ठीक होतं. पण पाहुण्याची मोटार घाण कशी ठेवायची, म्हणून शेजारच्या दोन बायांनी ती चुलीतली राख घेऊन पाणी भरायच्या पितळी गुंडासारखी घासली. मामाजी हातपाय धुऊन आले तेव्हा बॉनेटवर तळहाताएवढा पत्रा लख्ख उघडा पडला होता. त्या बायांना त्यांनी नमस्कार केला आणि ते मोटारीमागे जाऊन बसले. आत्याला वाटलं, आता हे फेरफटका काही मारत नाहीत.

आजोबा चाचपडत मोटारीपाशी आले. बोटांनी त्यांनी रंगाची तुटलेली कड शोधली. मग लाख वितळवून घेतली, तिच्यात काजळ कालवलं, आत्याकडून तापलेलं उलथनं मागवलं आणि डोळ्यांपेक्षा बोटांच्या भरवशावर ती जागा भरून काढली. चांगला तासभर ते कडेवरून अंगठा फिरवत होते. मग म्हणाले, "जवाईबापू, हे लाखबी किड्याचीच कमाई होय." मामाजींनी मोटारीच्या तोंडावरची मच्छरदाणी सोडून टाकली, आजोबांना पुढे बसवलं आणि मोटार अशी पिटाळली की पहिल्या वळणाला मी आत्याच्या अंगावर कोसळलो. वाटेत जे जे किडे होते ते सगळे बॉनेटवर आले, आणि आजोबा अर्ध्या नजरेने तळं, शाळा, बाजार ओळखत लहान मुलासारखे हसत होते.

पुढच्या वर्षी आजोबा गेले. मोटार नंतर दोनदा रंगवली, पण दोन्ही वेळा मामाजी रंगाऱ्याच्या उशाशी उभे राहिले आणि लाखेचा तेवढा डाग त्यांनी खरवडू दिला नाही. उन्हाने तो तांबूस पडला, सुरकुतला. एका संध्याकाळी त्याच्यावर एक भुंगा येऊन बसला. मी सवयीने फडकं उचललं, तर मामाजींनी माझा हात धरला.

"बसू दे," ते म्हणाले. "ते जागा बाबाची होय."

भुंगा आपल्या सवडीने उडून गेला, तोवर आम्ही दोघे तिथेच उभे होतो.