कप काय भाजीत घालायचा?

आमच्या दादाने सायकलच्या एवढ्या शर्यती केल्या, पण पहिला तो कधीच आला नाही, आणि यात त्याच्या पायांचा काही दोष नव्हता. त्या काळी अंबरनाथ-बदलापूरकडच्या मंडळांच्या शर्यतींत पहिल्याला कप मिळे आणि दुसऱ्या-तिसऱ्याला घरात लागणारी एखादी वस्तू. बाबा गेल्यानंतर आमच्या घरात वस्तूंचीच वानवा होती. दादा आदल्या दिवशी जाऊन बक्षिसं बघून येई आणि आईला विचारी, “आई, काय पायजे? कुकर का पंखा?” आई सांगेल तो नंबर तो आणी. पहिल्यांदा कुकर आणला, तेव्हापासून चाळीने त्याचं नावच कुकर ठेवलं.

“पहिला कोण पण येतो,” तो म्हणे. “तिसरं यायचं तर मान वळवून मागं बघावं लागतं.” कुणी फारच डिवचलं तर त्याचं उत्तर ठरलेलं होतं, “कप काय भाजीत घालायचा?”

एकदा मात्र चांगली फजिती झाली. जयंतीच्या शर्यतीत तिसऱ्याला मिक्सर होता. दादाच्या बरोबरीने पळणाऱ्या बदलापूरच्या गड्याच्या घरीही मिक्सर नव्हता, हे दादाला काय ठाऊक? एकजण केव्हाच पुढे निघून गेला होता. राहिले हे दोघे. शेवटच्या वळणावर दादा हळू झाला, तर तोही हळू झाला. दोघं एकमेकांना “तू हो पुढं” करत राहिले आणि मागचे तिघे भुर्रकन निघून गेले. दादा उत्तेजनार्थ मिळालेला स्टीलचा डबा घेऊन घरी आला. पुढे कितीतरी दिवस आई पाट्यावर चटणी वाटताना त्या डब्याकडे बघून हसायची.

मग एका कारखान्याने त्याला आपल्या संघात घेतलं. सायकल त्यांची, कपडे त्यांचे, थोडाफार पगारही. फक्त कायम करायला साहेबांची एक अट होती, वर्षभरात एक तरी पहिला नंबर हवा. वर्ष संपत आलं आणि एकच शर्यत उरली. पहिल्याला नेहमीप्रमाणे कप. दुसऱ्याला शिलाई मशीन.

मी तेव्हा उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका सिंधी शेठकडे जीन्स शिवायला जात होते. आईला बरं नसे, तिला एकटं टाकून जाताना जीव राहायचा घरी. स्वतःचं मशीन असतं तर काम घरी आणता आलं असतं, असं मी कधीतरी बोलले होते. शर्यतीच्या सकाळी मी दादाला बजावलं, “मशीनकडं बघायचं पण नाय. नोकरी घेऊन ये.”

“बरं,” तो म्हणाला. दादा इतक्या पटकन बरं म्हणाला, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

शर्यत अंबरनाथला संपणार होती. आई आणि मी रेषेपाशी उभ्या होतो. शेजारी स्टेजवर मशीन, त्याला झेंडूचा हार. दादा एकटाच पुढे येताना दिसला, मागचा खूप लांब होता. आईने माझा हात घट्ट धरला. रेषा समोर आली आणि दादा सायकलवरून उतरून वाकून चेन बघायला लागला. चेन जागेवर होती. मागचा गडी निघून गेला, तशी दादाची चेनही दुरुस्त झाली.

कारखान्याने त्याला नारळ दिला. मशीन घरी आलं, पण मी त्याच्याशी बोलत नव्हते. मला मंडळवाल्यांच्या हातापाया पडून ते मशीन परत करावंसं वाटत होतं. तो मात्र मशीनला तेल घालत शांतपणे म्हणाला, “नोकरी दुसरी भेटेल. मशीन परत कोण लावणारे बक्षिसाला?”

काम घरी न्यायचं म्हणून मी शेठकडे गेले आणि रागारागात त्याला सगळं सांगून टाकलं. शेठ डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग विचारलं, “पूरा रस्ता वो आगे था?”

“हां, शेठ.”

“तो बस. लाइन पे कौन देखता है, बाबा? रस्ते पे सब देखते हैं.”

अशी दादाला नोकरी लागली. त्याच्या छातीवर आणि पाठीवर शेठच्या जीन्सचं नाव आलं, तेही मी त्याच मशीनवर शिवलेलं. सायकल चालवण्याचा पगार घेणारा आमच्या चाळीतला तो एकटाच. नाशिकपर्यंतच्या शर्यतींत तो रस्ताभर सगळ्यांच्या पुढे राहून शेठचं नाव मिरवी आणि रेषेजवळ आला की घरचं बघी. माझ्या लग्नातला निम्मा संसार असाच रस्त्यावरून आला.

पुढे गुडघे बोलायला लागले आणि त्याने शर्यती सोडल्या. तेव्हा मी कॅम्प तीनमधून एक मोठा कप आणला, त्यावर ‘पहिला क्रमांक’ असं कोरून घेतलं आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटासुलटा करून पाहिला.

“छान आहे,” म्हणाला. “दुसऱ्याला काय होतं?”

“मशीन,” मी म्हटलं.

“मग हा माझा नाय,” म्हणत त्याने कप परत माझ्या हातात ठेवला.

भाजीत तर घालता येत नाही, म्हणून मी त्यात बटणं ठेवते.