रुद्रभूमीतली चुन्याची रेघ

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की त्याला मांडी घालून बसवतात, तळहातावर इष्टलिंग ठेवतात, भोवती विभूती आणि बेलाची पानं, आणि मग माती. त्यामुळं रेणापूरजवळच्या आमच्या गावातल्या रुद्रभूमीत जमिनीखाली अख्खी पंगत बसलेली आहे. दोन पावसाळ्यांपासून माझे वडीलही त्या पंगतीत आहेत. वर दगड मात्र नाही. दगडावर बाबांच्या नावाखाली आम्हा दोघांपैकी आधी कुणाचं नाव घालायचं यावर अण्णाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, आणि माझं अजून जुळायचं आहे.

एका सकाळी अण्णाचा फोन आला. "बाबांच्या अंगावरून चुना मारलाय. नीघ!"

लातूरहून मोटारसायकल हाणत पोचलो. रुद्रभूमीच्या मधोमध पांढरीफेक रेघ, आणि टोकाला पोकलेन तोंड वासून उभं. नांदेडकडची वीज कर्नाटकात न्यायची होती. मनोऱ्यांवरून नाही, जमिनीतून, मांडीएवढ्या जाड केबलमधून. चर खणायचा पुरुषभर खोल. आमची माणसंही तेवढ्याच खोलीवर बसतात.

ठेकेदाराचा सुपरवायझर गॉगल लावून उभा होता.

"काका, नकाशात ही जागा पडीक आहे."

"पडीक?" मी खांद्यावरचा रुमाल असा झटकला की ड्रायव्हर दचकला. "शेजारच्या ज्वारीतून का नाही नेली?"

"शेतकरी अडवतात."

"रस्त्याच्या कडेनं?"

"रस्ता फोडायची परवानगी लवकर मिळत नाही."

म्हणजे मेलेली माणसं अडवत नाहीत आणि त्यांची परवानगीही लागत नाही. माझ्या मस्तकात तिडीक गेली. "इथं आमचे वडील आहेत!" मी ओरडलो.

"बरं, वडील नेमके कुठं आहेत दाखवा," तो म्हणाला. "तेवढं सोडून खणतो."

मी तरातरा गेलो आणि बोट रोखलं. "इथं!"

अण्णा दहा हात पलीकडं जाऊन उभा. "तिथं न्हाई रं, हितं! माती देताना डोळं मिटून हुतास का?"

"तू रडत होतास, तुला काय दिसलं?"

ड्रायव्हर फिस्सकन हसला. सुपरवायझर म्हणाला, "आधी तुमचं ठरवा," आणि त्यानं पोकलेनला खूण केली.

तेवढ्यात गल्लीतल्या बायका घेऊन माय आली.

"दोघंबी गप बसा," आम्हाला म्हणाली. मग त्याच्याकडं वळली. "लेकरा, हितं माझा नवरा हाय, सासू हाय, सासरा हाय, आठ दिसांची लेक हाय. कुठंबी खांद, कुनाच्या तरी डोक्यावर पडंल."

"आजी, मग त्यांच्याही खालून बोअर मारतो. कुणाला कळणार नाही."

"तुझी माय झोपल्यावर तिच्या खाटंखालून नेशील? तिलाबी कळनार न्हाई."

तिनं चपला काढल्या आणि अनवाणी पायानं ती रेघ पुसत चालली. मागून बायका, त्यांच्यामागून आम्ही दोघं भाऊ. पोकलेनच्या तोंडाशी पोचल्यावर ती तिथंच मांडी घालून बसली. ड्रायव्हरनं यंत्र बंद केलं.

सुपरवायझर फोन घेऊन लांब गेला. रस्ता फोडायची जी परवानगी मिळत नव्हती, ती गल्लीतून आलेला आमचा चहा निवायच्या आत मिळाली. त्याची माणसं रस्त्याच्या कडेनं नवी रेघ मारायला लागली. ती आमच्या कुंपणाच्या पार पुढं जाईपर्यंत माय उठली नाही.

मला वाटलं, जाताना हा माणूस मायच्या पाया पडेल, निदान चुकलं म्हणेल. त्यानं गाडीचं दार उघडलं, गॉगल पुसला आणि मला म्हणाला, "दोन गोण्या चुना वाया गेला, काका."