अभिमनची कावीळ

वच्छलाबाईने गावातली दारूची भट्टी फोडली, तेव्हापासून दोंडाईच्याजवळच्या त्या गावात पुरुषांना संध्याकाळी तोंड उघडायचीही चोरी झाली होती. बाया पारावर बसायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याचं तोंड हुंगायच्या. ज्याला वास आला, त्याला खंडोबाच्या देवळात बेलभंडार उचलून शपथ घ्यावी लागे. सगळ्यांत पुढे वच्छलाबाई. तिच्या जिभेला हाड नव्हतं आणि तिला त्याचं कौतुकच होतं.

तिचा नवरा अभिमन नेमका उलट, चार शब्द बोलायलाही कंजूष. कापसाची गाडी भरताना त्याचा पाय मोडला, मग त्याच पायाच्या शिरेत रक्त गोठलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी दिली. ती तो कधी चुकवायचा नाही, कारण वच्छलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहायची.

१९८९च्या उन्हाळ्यात त्याचे डोळे पिवळे झाले. जेवण तुटलं, अंगाला खाज सुटली. वैदूने काविळीची माळ घातली, उपयोग शून्य. दोंडाईच्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने पोट दाबून पाहिलं आणि औषध कोणतं चालू आहे हेही न विचारता म्हणाला, “लिव्हर सुजलंय. कधीपासून पिता?”

बाकावर झिपरू बसला होता. फोडलेली भट्टी त्याचीच. नवरा-बायको घरी पोचायच्या आधी बातमी गावभर झाली होती.

वच्छलाबाईचं डोकं फिरलं. झिपरूवर, डॉक्टरवर आणि सगळ्यांत जास्त नवऱ्यावर. तिने गोठा धुंडाळला, कडब्याची गंजी उपसली. बाटली सापडली नाही, तेव्हा ती शेतात असणार असं तिने ठरवूनच टाकलं. दुसऱ्या दिवशी तिने त्याला गावासमोर देवळात उभं केलं.

“उचला,” ती म्हणाली.

अभिमनने बेलभंडार उचलला. “मी दारू पिधी नही.”

त्यानंतर तो आणखीच पिवळा पडत गेला. खोटी शपथ बाधली, लोक म्हणू लागले. वच्छलाबाईने तेही ऐकून घेतलं. आणि गोळी रोज स्वतःच्या हाताने त्याच्या तोंडात घालत राहिली.

शेवटी त्याला धुळ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, काविळीची बाकीची कारणं तपासून बाद केली आणि म्हणाले, “यांना ती गोळीच सोसली नाही. लाखात एखाद्याला होतं असं. आता बंद करा, पायाला तिची गरजही उरलेली नाही.”

मग हे आधी सांगायला तोंड शिवलं होतं का, तिने विचारलं. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

गोळी थांबली तसे डोळे निवळत गेले. वच्छलाबाईने पुन्हा सगळं गाव देवळात गोळा केलं, झिपरूला घरातून ओढून आणलं. या वेळी बेलभंडार तिने स्वतः उचलला आणि दातओठ खात खंडोबाला म्हणाली, “यास्नी कधीच पिधी नही. यास्ले दारू नही, गोयी बाधनी.”

झिपरूने मान खाली घातली. शेजारी काठी टेकून उभा असलेला अभिमन हळूच म्हणाला, “देवले काय सांगस? माले सांग.”

भट्टीवर एकटी चालून गेलेल्या त्या बाईने बेलभंडार खाली ठेवला. ती त्याच्या मागून घरापर्यंत चालत गेली. रागाने कान तापले होते, आणि हा राग काढायला आता गावात स्वतःशिवाय दुसरं कोणी उरलं नव्हतं.